तार रेडिओ-लहर कशी सोडते?

(पडद्यावर: दोन समांतर तारा)

या दोन तारांमध्ये जेमतेम एक सेंटीमीटर अंतर आहे. दोन्हींतून १४५ मेगाहर्ट्झचा प्रवाह वाहतोय, पण एकीत तो वर चढतो तेव्हा दुसरीत खाली उतरतो. थोडं लांब गेलं की दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडून टाकतात. बाहेर जवळपास काहीच जात नाही.

आता टोकाकडचे भाग काटकोनात वळवू, एक डावीकडे, एक उजवीकडे. नीट बघा: दोन्ही भुजांमधले प्रवाहाचे बाण आता एकाच दिशेला आहेत. क्षेत्रांची बेरीज होते. हा झाला डायपोल, म्हणजे दोन भुजांचा अँटेना. मोकळ्या टोकांशी प्रवाह शून्य असतो आणि मध्यावर सर्वांत जास्त, म्हणून प्रारणातला, म्हणजे लहर बनून बाहेर जाणाऱ्या ऊर्जेतला, मोठा वाटाही मधल्या भागाचाच.

स्थिर प्रवाहातून लहर सुटत नाही, तो बदलावा लागतो. इथे तो दर साडेतीन नॅनोसेकंदांनी उलटतो. बदलाचा परिणाम प्रकाशाच्या वेगाने पसरतो, म्हणजे तेवढ्या वेळात मीटरभरच. त्यापलीकडचं क्षेत्र अजून जुन्याच प्रवाहाचं असतं, आणि ते तारेकडे परत न येता पुढे निघून जातं. याची तीव्रता अंतराच्या फक्त व्यस्त प्रमाणात घटते, तारेजवळची क्षेत्रं मात्र वर्गाने आणि घनाने विरतात. दूरवर उरते ती हीच लहर. तारेच्या रेषेत मात्र ती पोचत नाही, कारण तिथून पाहिलं तर प्रभारांची आडवी हालचाल दिसतच नाही.

मापं काढू. आपला डायपोल अर्ध्या तरंगलांबीचा. तरंगलांबी २०७ सेंटीमीटर, अर्धी १०३. प्रत्यक्षात अनुनाद (तार या वारंवारतेला नेमकी जुळण्याची स्थिती) त्याच्या साधारण ९५ टक्क्यांवर मिळतो, म्हणजे प्रत्येक भुजा ४९ सेंटीमीटर. कापताना ५१ ठेवा आणि दोन्हीकडून सारखंच, थोडं थोडं छाटा. मध्यावरचा रोध ७० ओहमच्या आसपास, त्यामुळे ५० ओहमची केबल चालून जाते. जागेअभावी एकूण लांबी तरंगलांबीच्या दहाव्या भागावर आणली, तर प्रारण-रोध, म्हणजे रोधातला लहर सोडण्याचा वाटा, उरतो सुमारे २ ओहम. तेवढ्याच शक्तीला मग कितीतरी जास्त प्रवाह लागतो, आणि हा अँटेना केबलशी जुळवणाऱ्या कॉइलमध्ये बरीच शक्ती उष्णता होऊन जाते.

नेहमीची चूक केबलपाशी होते. कोअॅक्स (मधल्या तारेभोवती धातूची जाळी असलेली केबल) थेट जोडली की थोडा प्रवाह जाळीच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरतो. केबलच तिसरी भुजा होते आणि प्रारणाचा आकार बिघडतो. जोडणीलगत केबलवर या वारंवारतेला चालणारे फेराईटचे मणी ओवा (ही चुंबकीय कडी बाहेरचा प्रवाह अडवतात), आणि केबल निदान अर्धा मीटर डायपोलला काटकोनात न्या. मग केबलवरून हात फिरवा. एसडब्ल्यूआरचा, म्हणजे अँटेनाकडून किती लहर परत येते ते दाखवणाऱ्या मीटरचा, काटा हलला, तर मणी अजून कमी पडतायत.