निळं जिथे, तिथे दगड नाही

(दृश्य: ट्रेमध्ये ओळीने मांडलेली कोअर. ओला फडका फिरतो.)

कोअर म्हणजे तेलाच्या विहिरीतून कापून काढलेला दगडाचा दंडगोल. हा चुनखडकाचा. कोरडा असताना नुसता पांढुरका. फडका फिरला, आणि बघा, बारीक छर्‍यांसारखे दाणे वर आले. हे ऊइड. उथळ, उबदार समुद्रात एखादा कण लाटांबरोबर मागेपुढे लोळत राहतो, त्याच्यावर चुन्याची पुटं चढत जातात आणि असा दाणा होतो. बहामा बेटांच्या आसपास आजही होतायत. ताज्या ऊइड-वाळूत साधारण ४० टक्के जागा मोकळी असते. ती तशीच राहिली असती, तर आम्हाला कॅमेरा घेऊन इथे यायचं कारण नव्हतं.

(दृश्य: करवत. मग काचपट्टी घासणारे हात.)

दगडातली हवा काढून घेऊन त्यात निळा रंग घातलेलं इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव, भरतात. मग चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि ०.०३ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत घासायची. शेवटचं घासणं यंत्रावर सोडत नाहीत, हाताने होतं. जमिनीखाली तेलाचं तळं असतं हा समज इतका पक्का आहे, की आमच्याच कॅमेरामनने पहिल्या दिवशी विचारलं, "तेल कुठाय?" जिथे निळं दिसेल, तिथे दगड नाही. तेलाला जागा तेवढीच.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक. निळी वर्तुळं.)

आता नीट बघा. निळा रंग दाण्यांच्या मधल्या फटीत असायला हवा होता. तो दाण्यांच्या पोटात आहे, आणि फटी स्फटिकांनी बुजल्यात. सगळं उलटं.

ऊइड होता अ‍ॅरॅगोनाइटचा. फटीतले स्फटिक कॅल्साइटचे. रसायन एकच, कॅल्शियम कार्बोनेट. फक्त अणूंची मांडणी वेगळी. समुद्र मागे हटला, वाळू उघडी पडली, पावसाचं पाणी मुरलं. त्या पाण्यात अ‍ॅरॅगोनाइट टिकत नाही. तो विरघळला आणि शेजारीच कॅल्साइट होऊन बसला. घर पडलं आणि त्याच्याच विटांनी गल्ली बुजली. गाळाचा दगड होताना आणि झाल्यावरही चाललेल्या अशा उलथापालथीला डायजेनेसिस म्हणतात.

विहिरीत सोडलेली उपकरणं सांगतात, छिद्रं भरपूर आहेत. खोटं नाही ते. पण एका छिद्रातून दुसऱ्यात जायला वाट नाही, हे सांगायला ही काचपट्टी लागते. कोअर काढण्यात पैसा वाचवणाऱ्यांबद्दल आम्हाला आदर जरा कमीच आहे.

(दृश्य: काचपट्टीवर रंगाचा थेंब.)

अ‍ॅलिझरिन रेड. कॅल्साइट गुलाबी झाला. हे शंकरपाळी आकाराचे स्फटिक कोरेच राहिले. डोलोमाइट, मॅग्नेशियमवाला.

याची कुंडली मजेशीर आहे. १७९१ साली दोलोमिय या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने लिहिलं, की चुनखडकासारखा दिसणारा एक दगड आम्लात जेमतेम फसफसतो. त्याच्यावरूनच नाव पडलं. प्राचीन खडकात डोलोमाइट डोंगरच्या डोंगर सापडतो, पण साध्या तापमानाला प्रयोगशाळेत हा येईल तर शपथ. लिंटन लँड या भूशास्त्रज्ञांनी २५ अंश सेल्सिअसला, हजारपट अतिसंपृक्त (मावतं त्याहून जास्त विरघळलेलं) द्रावण ठेवून ३२ वर्षं वाट पाहिली. नाही आला. १९९८ साली त्यांनी तसं छापूनही टाकलं. नापास प्रयोग इतक्या दिलदारपणे कोण सांगतो? २०२३ मध्ये मिशिगन आणि होक्काइदो विद्यापीठांच्या गटाने दाखवलं, की स्फटिक वाढत असताना अधूनमधून थोडा विरघळू द्यावा लागतो. चुकीच्या जागी बसलेले अणू धुऊन निघतात आणि पुढचा थर सरळ बसतो.

या तुकड्यात डोलोमाइटने वाटा उघडल्यात. स्फटिकास्फटिकांमधली ही निळी जाळी बघा. आणखी वाढला असता, तर त्यानेच बुजवल्या असत्या.

(दृश्य: खोली अंधारी. इलेक्ट्रॉनचा झोत.)

झोत पडला की स्फटिक उजळतात. हे नारिंगी पट्टे मँगनीजचे. काळे पट्टे पडलेत तिथे लोहाने उजेड दाबलाय. ज्या पाण्यातून स्फटिक वाढला ते बदललं, तसा पट्टा बदलला.

सौदी अरेबियातलं घावर हे अवाढव्य तेलक्षेत्र १९४८ साली सापडलं, तेही अशाच जुरासिक चुनखडकात. वाटांचा अंदाज चुकला की तेलाआधी पाणी वर येतं आणि विहीर वाया जाते.

(दृश्य: अतिनील दिवा. स्फटिकात चमकणारे ठिपके.)

हे तेल. कॅमेरामनने विचारलेलं. स्फटिक वाढत असताना पोटात अडकलेले थेंब. म्हणजे तेल आलं तेव्हा फट बुजणं संपलेलं नव्हतं. शेजारी पाण्याचा थेंब आहे, त्यात एक बुडबुडा. काचपट्टी तापवत न्यायची. बुडबुडा ज्या अंशाला नाहीसा होईल, निदान तेवढी उष्णता तेव्हा खाली होती.

लहान होतोय. अजून आहे.

गेला.