यानागावा: कालव्याचा तळ दिसतो ते दहा दिवस

[सकाळ. रिकामा कालवा. दगडी भिंतीवर पाण्याची काळी रेघ.]

ही रेघ बघा. भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीला. परवापर्यंत पाणी इथवर होतं. आज खाली नुसता चिखल आहे, मधोमध पाण्याची एक बारीक धार आहे आणि धारेच्या कडेला एक बगळा उभा आहे. इतकं सोपं खाणं त्याला वर्षातून एकदाच मिळतं.

हे यानागावा. जपानच्या क्यूशू बेटावरचं, फुकुओका प्रांतातलं, आरिआके समुद्राकाठचं शहर. नाव लिहितात तेच 'विलो' आणि 'नदी' या दोन चिन्हांनी. विलो म्हणजे काठाकाठानं झुकलेली ती झाडं. शहराचं क्षेत्रफळ जेमतेम ७७ चौरस किलोमीटर, आणि त्यातल्या कालव्यांची एकूण लांबी ९३० किलोमीटर. रेल्वेनं मुंबई ते नागपूर हे अंतरसुद्धा याहून कमी आहे.

पर्यटक इथे येतात ते भरल्या कालव्यातून होडीनं फिरायला. आम्ही मुद्दाम पाणी नसताना आलो. कारण फेब्रुवारीतले हे दहाएक दिवस पाहिल्याशिवाय यानागावा कळत नाही, असं आम्हाला वाटतं.

[फावडी, घमेली, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट.]

याला इथे म्हणतात 'मिझुओची'. पाणी उतरवणं. वरची दारं बंद करायची, खालची उघडायची, आणि जुन्या किल्ल्याच्या खंदकातलं पाणी समुद्राकडे सोडून द्यायचं. मग तळाचा गाळ काढायचा, काठाचे ढासळलेले दगड बसवायचे, अडकलेला कचरा उचलायचा. या काळात नेहमीच्या मार्गावर होड्या चालत नाहीत. ऐन मुलींच्या बाहुल्यांच्या सणाच्या तोंडावर शहर आपलं सगळ्यात मोठं आकर्षण स्वतःच्या हातानं बंद करतं.

आता या पुलाखाली चला. भरल्या कालव्यात ही जागा दिसतच नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती इथे एकदम जवळ आल्या आहेत. पन्हाळीसारखं तोंड चिंचोळं झालं आहे. ही काही बांधकामातली चूक नव्हे. याला 'मोतासे' म्हणतात. मुसळधार पावसात पाणी इथे अडतं, थोपतं, आणि मागचा सगळा पट्टा तळ्यासारखा भरत जातो. अशा कितीतरी चिंचोळ्या तोंडांमुळे लोंढा एकदम खाली धावत नाही, टप्प्याटप्प्यानं उतरतो. आणि एरवी याच तोंडातून पाणी जोरात निघतं, खळखळतं, त्यात हवा मिसळते, गाळ साचत नाही. ना पंप, ना वीज. नुसती दगडाची रचना.

[ओहोटीचा समुद्र. क्षितिजापर्यंत चिखल.]

हे सगळं कशासाठी, ते समुद्र बघितल्यावर उमगतं. आरिआकेची भरती-ओहोटी जपानमध्ये सगळ्यात मोठी. उधाणाला पाणी सहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीला समुद्र पार मागे जातो आणि मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर टणाटण उड्या मारणारा हा मासा इथला 'मुत्सुगोरो'. आपल्या कोळीवाड्यातल्या माणसानं पाहिला तर तो लगेच म्हणेल, ही तर निवटी!

अशा चिखलातून माणसांनी बांध घालून, माती भरून जमीन मिळवली. पण समुद्राकाठच्या जमिनीला गोडं पाणी कुठलं? ते याबे नदीकडून आणायचं, कालव्यांत साठवायचं, पुन्हापुन्हा वापरायचं आणि जास्तीचं ओहोटी साधून समुद्रात सोडायचं. जपानची सत्ता कुणाची हे ठरवणाऱ्या सेकिगाहाराच्या १६०० च्या लढाईनंतर तानाका योशिमासा इथला सरदार झाला. त्यानं किल्ला वाढवला, खंदक आणि कालवे नीट बांधून काढले, १६०२ मध्ये समुद्राला मोठा बांध घातला. त्याच्या घराण्यानंतर १६२० मध्ये ताचिबाना मुनेशिगे आला. सेकिगाहारात हरणाऱ्या बाजूला असल्यामुळे त्याची हीच जहागीर गेली होती, ती त्याला परत मिळाली. किल्ल्याभोवती पाण्याची वेढ्यांवर वेढे घातलेली तटबंदी. वेळ आली तर पाणी सोडून आसपासचा मुलूख बुडवता येईल अशी सोय. शेजारच्या प्रांतांशी तुलना करणारी जुनी म्हणच आहे: यानागावा घ्यायला तीन वर्षं, हिगोला तीन महिने, हिझेन आणि चिकुझेन तर न्याहारीच्या आधी.

किल्ल्याचा मुख्य मनोरा १८७२ मध्ये जळाला. खंदक राहिले.

[घरामागच्या दगडी पायऱ्या. जवळून.]

घराच्या मागच्या दारातून थेट पाण्यात उतरणाऱ्या या पायऱ्या म्हणजे 'कुमिझु', पाणी भरायची जागा. मधली पायरी बघा, झिजून खोलगट झाली आहे. कितीतरी पिढ्या इथे उकिडव्या बसल्या. भल्या पहाटे, पाणी ढवळायच्या आत, पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, आणि तांदूळ, भाजी, भांडी त्यानंतर. वरच्या घरानं केलेली घाण खालच्या घराच्या हंड्यात जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे वेगळा कायदा लागत नव्हता.

मग घरोघरी नळ आला आणि पाठ फिरली. सांडपाणी कालव्यात, कचरा कालव्यात, प्लास्टिक कालव्यात. पाणवनस्पती माजल्या, डास झाले, दुर्गंधी सुटली. १९७७ मध्ये नगरपालिकेची योजना तयार होती: मोजके मुख्य कालवे ठेवायचे, बाकीचे बुजवायचे किंवा काँक्रीटखाली झाकून गटारं करायची. लोकांचीही फारशी हरकत नव्हती. नाक दाबून जगण्यापेक्षा झाकलेलं बरं.

ही योजना राबवायला ज्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली, त्याचं नाव हिरोमात्सु त्सुताए. आधी तो पाणीपुरवठा खात्यात होता. त्यानं कागद वाचले, कालवे पायी फिरला, आणि थेट महापौरांकडे गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. हे कालवे म्हणजे गटारं नव्हेत, पाण्याचं कोठार आहे. बुजवले तर पावसाचं पाणी जाणार कुठे? जमिनीत मुरणारं पाणी तोडलं तर ही मऊ माती खचेल. महापौरांनी ऐकून घेतलं. योजना सहा महिने थांबवली आणि त्यालाच दुसरी योजना करायला सांगितली.

त्यानंतर जे घडलं ते कुठल्याही यंत्रापेक्षा मोठं आहे. आळीआळीत बैठका झाल्या. सांडपाण्याचा पहिला गाळ आपल्या घरीच अडवा, कालवा आपणच साफ करू, असं लोकांना पुन्हापुन्हा सांगितलं गेलं. म्हाताऱ्यांना लहानपणचा कालवा आठवला, पोहणं आठवलं, मासे आठवले. पालिकेचे लोक आणि रहिवासी मिळून गाळात उतरले. आज पडद्यावर दिसणारी ही फावडी त्याच कामातली आहेत.

हिरोमात्सु २००२ मध्ये वारले. १४ जुलै २०१२ ला याबे नदीचा बांध यानागावाच्या हद्दीत फुटला, घरं आणि शेतं पाण्याखाली गेली. आता मोठ्या पावसाचा इशारा मिळाला की कालव्यांतलं पाणी आधीच सोडून जागा करून ठेवतात.

[दार उचललं जातं. चिखलावरून पाण्याची पहिली जीभ सरकते.]

पाणी परत येतंय.

[शांतता. फक्त पाण्याचा आवाज.]

होडीला इथे 'दोन्को-बुने' म्हणतात. सपाट तळाची, लांबट. ना मोटार, ना वल्हं. नावाडी मागे उभा राहून लांब बांबू तळाला टेकवतो आणि अंगाच्या भारानं रेटतो. सव्वा तासाच्या आतबाहेरचा हा प्रवास. वाटेत लाल विटांची तीन जुळी कोठारं लागतात, ती मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, बनवणाऱ्या घराण्याची. पूल इतके ठेंगणे की नावाडीसुद्धा गुडघ्यावर बसतो.

होडी ओकिनोहाता या भागात काठाला लागते आणि वासच तुम्हाला ओढून नेतो. कोळशावर भाजलेली वाम. इथली पद्धत मात्र वेगळी: 'सेइरोमुशी'. भातात आधी गोडसर सोया सॉस कालवून तो लाकडी पेटीत वाफवायचा. त्यावर भाजलेल्या वामीचे तुकडे मांडायचे आणि पुन्हा वाफ द्यायची. वरून अंड्याच्या पातळ पोळीची पिवळीधमक कातरण. झाकण उघडलं की चष्म्यावर वाफ धरते. तळाचा भातसुद्धा शेवटच्या घासापर्यंत गरम, आणि वामीची चरबी दाण्यादाण्यात मुरलेली. तीनशे वर्षांहून जास्त काळ ही चव चालत आली आहे. जपानी वाम २०१४ पासून धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदली आहे. दर जुलैत यानागावात खाल्लेल्या वामींसाठी प्रार्थना होते आणि जिवंत वामी कालव्यात सोडतात.

[घराचं छत. दोऱ्यांना टांगलेले रंगीत गोळे, ससे, सारस, कासवं.]

घरात मुलगी जन्मली की तिच्या बाहुल्यांच्या पहिल्या सणाला आजी, मावशी, शेजारणी मिळून हे 'सागेमोन' शिवतात. सात दोऱ्या, प्रत्येकीवर सात वस्तू, आणि मधोमध रंगीत धागे गुंडाळलेले दोन मोठे चेंडू. झाले एक्कावन्न. माणसाचं आयुष्य पन्नास वर्षांचं मानत, त्या काळात मुलीला एक वर्ष जास्त मिळो, ही त्यामागची इच्छा. ११ फेब्रुवारी ते ३ एप्रिल शहरभर ही तोरणं लागतात. पुढे मेच्या सुरुवातीला ओकिनोहातात होडीवर रंगमंच उभारून जत्रा भरते, नोव्हेंबरच्या १ ते ३ तारखेला इथल्याच किताहारा हाकुशू या कवीच्या स्मरणार्थ रात्री दिव्यांच्या होड्या निघतात.

आणि मार्चच्या तिसऱ्या रविवारी हे.

[होड्यांची रांग. बाहुल्यांच्या वेशातली मुलं. काठावर गर्दी.]

राजा, राणी, दरबारी. सगळी बालवाडीतली. पहिल्या होडीतली राणी पेंगुळली आहे. पूल जवळ येतोय. ज्याच्या खाली आपण चिखलात उभे होतो, तोच पूल. शेजारी बसलेली आई हात पुढे करून मुलीचा मुकुट धरते. नावाडी बांबू आडवा घेतो, वाकतो. होडी चिंचोळ्या तोंडातून सरळ पलीकडे निघते.