चावीच्या कॅमेऱ्यातली लाट

(दृश्य : बोलेक्स कॅमेरा, चावी भरणारा हात)

हा 16 मिलिमीटरचा बोलेक्स. याला बॅटरी लागत नाही. चावी पूर्ण भरली तरी स्प्रिंग अर्ध्या मिनिटाच्या आत उतरते. आत 100 फुटांचं रीळ. सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने ते पावणेतीन मिनिटांत संपतं. म्हणून लाट दिसली की लगेच बटण दाबायचं नाही. आधी चावी भरायची, रीळ किती उरलंय ते पाहायचं आणि सर्फर बोर्डवर उभा राहायच्या बेतात आला की सुरू करायचं. घाई झाली, तर ऐन रंगात आलेल्या लाटेवर कॅमेरा थांबतो. रीळ बदलायचं सावलीत. भर उन्हात बदललं तर कडेने उजेड शिरतो.

(दृश्य : नकाशावर सरकणारी रेघ)

'द एंडलेस समर' हा सर्फिंगवरचा माहितीपट बोलेक्सवरच चित्रित झाला. दिग्दर्शक ब्रूस ब्राऊन आणि माइक हिन्सन, रॉबर्ट ऑगस्ट हे दोन सर्फर 1963 साली कॅलिफोर्नियाहून निघाले, उन्हाळ्याच्या मागे मागे. सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती, हवाई.

(दृश्य : प्रोजेक्टर, अंधारं सभागृह)

चित्रीकरण मुकं होतं आणि चित्रपटाची खरी गंमत तिथूनच सुरू होते. ब्राऊन शाळांच्या सभागृहांत पडद्याशेजारी माइक घेऊन बसत. संगीत टेपवर, निवेदन तिथल्या तिथे. लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळतात, हे समोरच कळायचं. पुढे ध्वनिपट्टीवर गेलेला आवाज असा प्रेक्षकांसमोर घासून निघालेला आहे. (आजच्या निवेदकाला ही चैन कुठली!) समुद्रापासून दूरच्या गावात हे कोण बघणार, ही वितरकांची शंका. म्हणून ऐन हिवाळ्यात कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात खेळ लावला. दोन आठवडे गर्दी. मग न्यूयॉर्क, आणि 1966 मध्ये 35 मिलिमीटरवर मोठी केलेली प्रत देशभर.

(दृश्य : केप सेंट फ्रान्सिस, वाळूच्या टेकड्या, मग समुद्र)

दक्षिण आफ्रिकेतलं हे भूशिर. लाट इथे किनाऱ्याला तिरकी येते, त्यामुळे एकदम कोसळत नाही; एका टोकाकडून फुटत फुटत पुढे सरकते आणि सर्फर त्या फुटणाऱ्या कडेच्या जेमतेम पुढे राहतो. वारा मात्र जमिनीकडून हवा, आपल्या कोकणातल्या मतलईसारखा. तो लाटेचा उभा पडदा धरून ठेवतो. उलट फिरला की तीच लाट विस्कटते. निवेदन ऐकून वाटतं, इथे रोजच अशी लाट लागत असेल. तसं नाही. समुद्राची उसळ नेमक्या दिशेने यावी लागते. नाहीतर बोर्ड काखेत धरून नुसतं बघत बसायचं.

दक्षिण आफ्रिकेतल्या तेव्हाच्या वर्णभेदावर चित्रपट एका विनोदात सुटका करून घेतो. पुढे इथल्या वाळूच्या टेकड्यांवर घरं झाली, वाळू सरकायची वाट अडली आणि शेजारच्या उपसागराची पुळण खचत गेली.

(दृश्य : हिन्सन लाटेवर. इथे निवेदन नाही. चावी उतरेपर्यंत लाट जाऊ द्यावी.)