मामा तलावातली हायड्रिला

पूर्व विदर्भातला हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, मालगुजारीच्या काळातला. कोहळी समाजानं बांधलेली पाळ अजून पाणी धरून आहे.

कमरेभर पाण्यात उतरलेल्या या मासेमार ढिवर समाजाच्या बाया शेजारच्या बोडीतून, म्हणजे छोट्या तळ्यातून आणलेल्या हायड्रिलाच्या जुड्या गाळात खोचताहेत. शाळेत उलट्या नरसाळ्याखाली बुडबुडे सोडायची, तीच ही हायड्रिला.

पानं जवळून बघा. एकेका पेऱ्यावर तीनपासून आठपर्यंत, गोल मांडलेली. कडा दातेरी, बोट फिरवलं की खरखर लागते. खोल पाण्यात पेरं लांबतात, उथळात पानं दाटतात. या बदलत्या रूपामुळे जुन्या अभ्यासकांनी हिला कितीतरी नावं दिली. धाकट्या लिनियसनं ती ‘सर्पिक्युला’ या प्रजातीत घातली. सहारनपूरची बाग सांभाळलेल्या जॉन फोर्ब्ज रॉइल यांनी १८३९मध्ये ‘हायड्रिला’त आणली. पुढे बहुतेक नावं हायड्रिला व्हर्टिसिलाटा या एकाच जातीत मिसळली.

या एका जातीच्या आतही भेद आहेत. ते बघायला मुळाचं टोक लागतं.

ही कॉलेजची प्रयोगशाळा. कोवळ्या मुळाचं टोक घ्यायचं, पेशी तिथंच विभागत असतात. आधी कोल्चिसिन, विभाजन मध्येच थांबावं म्हणून. मग तीन भाग अल्कोहोल, एक भाग ॲसिटिक आम्ल. त्यावर ॲसिटोकार्मिनचा थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर हलकी ऊब, आणि काचेवर अंगठ्याचा सरळ दाब. काच सरकली की स्लाइड वाया. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या विखुरलेल्या दिसतात. ही गुणसूत्रं. एकेक मोजायची.

हायड्रिलाचा मूळ संच ८ गुणसूत्रांचा. काही रोपांत १६ भरतात, काहींत २४, काहींत ३२. २४वाल्यांत संच तीन. जोड्या नीट लागत नाहीत, बी धरणं अवघड. तरी रोप पसरतं, तुटलेल्या फांदीतून आणि गाळातल्या कंदातून.

पाण्यावरचं हे इवलंसं मादी फूल. नर फूल पाण्याखाली पानाच्या बगलेतून सुटून वर येतं, उकलतं आणि पराग उडवतं.

१९५०च्या दशकात ही मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली, तिथले कालवे तुंबले. इथं ती घरचीच. हिच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात.

आता जेसीबी उतरलाय. गाळाबरोबर कंदही ट्रॉलीत चाललेत. उपशाआधी प्रत्येक तलावातल्या थोड्या जुड्या बाजूला काढायला हव्यात, आणि कुठली जुडी कुठं लावली, तिची गुणसूत्रं किती, हे वहीत चढायला हवं. जागा या बायांना तोंडपाठ आहेत. मोजणी कॉलेजनं करावी, गाळ निघायच्या आत.