डिलॉस: देवाचे जन्मस्थान आणि तिथली माणसे

मित्रहो, एजियन समुद्रात मिकोनोसच्या नैऋत्येला डिलॉस हे जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरांचे खडकाळ बेट आहे. तिथली सर्वांत उंच टेकडी किंथोस, आणि तीही ११२ मीटरच भरते. अशा उजाड जागी ग्रीकांचा देव अपोलो का जन्मला, याचे उत्तर त्यांच्या पुराणकथेत सापडते. देवांचा राजा झ्यूस याच्यापासून दिवस गेलेल्या लिटोला त्याची बायको हीरा हिच्या धाकाने कोणीही थारा देईना. अपोलोच्या प्राचीन स्तोत्रात हे बेट स्वतःच बोलते: जन्मणारा देव माझी ही नापीक जमीन पाहून मला पायाने समुद्रात लोटून देईल, अशी भीती ते बोलून दाखवते, आणि देवाचे पहिले देऊळ इथेच उभे राहील अशी शपथ लिटोने पाताळातल्या स्टिक्स नदीला साक्षी ठेवून घेतल्यावरच राजी होते. पुढे नऊ दिवस आणि नऊ रात्री वेणा चालल्या, कारण प्रसूतीची देवता इलिथिया हिला हीराने अडकवून ठेवले होते. इतर देवींनी सोन्याचा हार कबूल करून तिला आणवले, आणि तिचे पाऊल बेटावर पडताच लिटोने खजुराच्या झाडाला मिठी मारून, गवतावर गुडघे टेकून अपोलोला जन्म दिला.

या पावित्र्याचा भार बेटावरच्या माणसांवर कसा पडला, हे मला आज सांगायचे आहे. इ.स.पू. ४७८ मध्ये इराणविरुद्धच्या ग्रीक संघाने आपला खजिना डिलॉसवर ठेवला आणि ४५४ मध्ये संघाचे म्होरकेपण करणाऱ्या अथेन्सने तो आपल्याकडे नेला. पण बेटावरची पकड त्याने सोडली नाही. इ.स.पू. ४२६ च्या हिवाळ्यात अथेन्सने बेटाचे शुद्धीकरण केले. सगळी थडगी उकरून त्यांतले अवशेष शेजारच्या रेनिया बेटावर हलवण्यात आले, आणि यापुढे डिलॉसवर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये, असा नियम झाला. सोयर आणि सुतक आपल्याकडे काही दिवसांनी फिटते. इथे मात्र दिवस भरलेल्या बाईला आणि मरणाच्या दारातल्या माणसाला होडीतून पलीकडे न्यावे लागे. ज्या भूमीचे सारे माहात्म्य एका बाळंतपणातून आले, तिथेच बाळंतपण निषिद्ध ठरावे, हे मला फार क्रूर वाटते. उकरलेल्या थडग्यांपैकी निम्म्याहून अधिक थडगी कारियन, म्हणजे आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) नैऋत्य भागातल्या लोकांची होती, हे सोबत पुरलेल्या शस्त्रांवरून आणि दफनाच्या रीतीवरून ओळखू आले, असे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ नोंदवतो. रेनियावरचा तो खड्डा १८९८ मध्ये उत्खननात सापडला आणि त्यातली मातीची भांडी आज मिकोनोसच्या संग्रहालयात आहेत.

एवढ्यावर भागले नाही. एका जुन्या अपराधामुळे डिलॉसचे लोकच अशुद्ध आहेत, असे ठरवून इ.स.पू. ४२२ मध्ये अथेन्सने त्यांना बेटाबाहेर काढले. इराणी सुभेदार फार्नासिस याने त्यांना आशिया मायनरमधले अॅड्रमिटियम राहायला दिले. पण तिथेही आर्सासिस नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यातल्या निवडक पुरुषांना मित्र म्हणून मोहिमेवर बोलावले आणि ते जेवत असताना घेरून भाले फेकून मारले. पुढच्याच वर्षी अथेन्सने निर्वासितांना परत आणले. त्याचे एक कारण लढायांतले अपयश, आणि दुसरे डेल्फी इथल्या अपोलोच्या देवळातला कौल, म्हणजे अपोलोचाच आदेश. जन्ममृत्यूची बंदी मात्र उठली नाही. पुढच्या शतकांतही डिलॉसचे मृत रेनियावरच पुरले जात होते.