पिपाणी आणि अठरा मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार. आधी हा आवाज ऐका.

(पिपाणीचा आवाज)

घाबरू नका, तुमचा रेडिओ ठणठणीत आहे. शीतपेय प्यायची नळी आहे ही. एक टोक दाबून चपटं केलं, दोन्ही कोपरे तिरके कापले आणि फुंकलं, बस्स. लहानपणी परसातल्या पपईच्या देठाची पिपाणी करून आम्ही अख्खी आळी डोक्यावर घ्यायचो. पण ती का वाजते, हे मला साठीनंतर कळलं, तेही फोनवरच्या एका छोट्याशा फिल्ममुळे.

फिल्म अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरचा इंजिनियर माणूस. 1978 साली मध्य प्रदेशात, होशंगाबादच्या खेड्यांतल्या शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याच्या कामात गेला आणि खेळण्यांतच रमला. पुढे अनेक वर्षं पुण्यात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात. त्यांच्या फिल्म मिनिट-दोन मिनिटांच्या. बऱ्याच मराठीतही आहेत. भाषण नाही, पार्श्वसंगीताचा दणदणाट नाही. काम करणारे हात दिसतात, एवढंच.

मला सर्वांत आवडतो तो काड्यांचा खेळ. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारके तुकडे. तीन काड्या जोडून त्रिकोण केला, की कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो. आता त्यात एक काडी तिरकी घाला, चौकोन ताठ! रेल्वेच्या लोखंडी पुलांवर ते तिरके पट्टे का असतात, हे इतकी वर्षं खिडकीत बसूनही मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

मोठी भाषणंही ऐकतो. टेड नावाची व्याख्यानं 1984 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली आणि 2006 पासून इंटरनेटवर फुकट आली. वक्ता कितीही मोठा असो, त्याला साधारण अठराच मिनिटं. त्यातलं हान्स रोसलिंग या स्वीडिश डॉक्टरांचं भाषण जरूर पाहा. पडद्यावर प्रत्येक देश म्हणजे एक गोळा, लोकसंख्या जास्त तर गोळा मोठा. वर्षं पुढे सरकतात तसे गोळे धावतात, आणि हे गृहस्थ कुस्तीच्या फडातल्या समालोचकासारखे ओरडत असतात. आकडेवारी ऐकताना मी जागा राहिलो, हे आमच्या घरात कोणाला खरं वाटत नाही.

व्याख्यानाचं वेड आपल्याला नवं नाही म्हणा. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. पण तिथे व्याख्यान संपलं की माणूस घरी चालत जायचा, वाटेत सोबत्याशी वाद घालायचा. फोन असं चालू देत नाही. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू! एकदा मी ओळीनं पाच ऐकली. रात्री जेवताना सौ.ने विचारलं, "काय ऐकलंत?" मला एकही धड सांगता येईना. तेव्हापासून रोज एकच ऐकतो, आणि ऐकलं की फोन पालथा.

तर, पिपाणी. नळीच्या टोकाच्या त्या दोन पात्या थरथरतात, त्यांच्याबरोबर आतली हवाही थरथरते, म्हणून आवाज. नळी आखूड केली, की सूर चढतो. खोटं वाटतंय? माझ्या हातात कात्री आहे. फुंकता फुंकता कापतो, ऐका.

(पिपाणी, कात्रीचे आवाज, सूर चढत जातो)