ओढा किती खोल, की कधीपर्यंत वाहता?

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय 'ओढ्यांची प्रकृती आणि व्यवस्थापन'. त्यातलं 'व्यवस्थापन' संयोजकांचं. त्यानं पुण्यात चार माणसं जास्त येतात म्हणे, आलेली दिसताहेत. एरवी पुणेकराला ओढा भेटतो कधी? सोसायटीत शिरला की. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढा असा भेटला, तेव्हा आपलं पार्किंग मुळात कुणाच्या जागेवर आहे ते पुष्कळांना कळलं. विनोद पुरे, त्या रात्री माणसं गेली.

आजचा ओढा मात्र दिवे घाटापलीकडचा, कऱ्हेला मिळणारा. गावाचं नाव सांगत नाही, योजनेचंही नाही. दोघांचेही पाहुणे इथे बसलेले असतील.

तिकडे पूर्वेला पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा परतीच्या वाटेवरचा. तिथला शेतकरी ओढ्याचं माप सणावर सांगतो. 'आमचा ओढा दिवाळीपर्यंत.' 'वरच्या वाडीचा संक्रांत गाठतो.' माझं म्हणणं एवढंच, की ओढ्याच्या तब्येतीचं हेच खरं माप आहे आणि कागदावरचं घनमीटरचं माप आपल्याला फसवतंय.

तर संक्रांत गाठणाऱ्या त्या ओढ्यात एका उन्हाळ्यात, योजनेतून ओढा खोल करायला, पोकलेन उतरलं. काठची करंजं, निर्गुडी गेली, पात्रातला लव्हाळा, वाळू, गोटे सगळं उपसलं. मोजणी घनमीटरवर, बिलही घनमीटरवर. मग यंत्र थांबेल कशाला? मुरूम संपून काळा कातळ लागला तेव्हा थांबलं, तेही बकेटचे दात झिजायला लागले म्हणून. पाऊस झाला, चर तुडुंब भरला. ड्रोन आला, फोटो निघाले, फलक लागला. फलकावर खर्च होता, लांबी होती, पाणीसाठा होता, चार नेत्यांची नावं होती. ओढ्याचं नाव नव्हतं.

जानेवारीत काठावरच्या एका बाबांकडे गेलो. विहिरीत वाकून म्हणाले, "मास्तर, वढ्यात पाणी हाय, मग हिरीचं कुठं गेलं?"

आता हे जरा नीट ऐका. आपल्या दख्खनच्या कातळात पाणी राहत नाही. ते राहतं कातळावरच्या मुरुमात, मांजऱ्या खडकाच्या छिद्रांत, भेगांत. पावसाळ्यात तिथे मुरतं आणि मग महिनोन्‌महिने सावकाश ओढ्याकडे पाझरत राहतं. ओढा संक्रांतीपर्यंत वाहतो तो या पाझरावर. तुम्ही तो मुरुमाचा थर तळापर्यंत कापलात, की भरल्या रांजणाला बुडाशी भोक पाडल्यासारखं होतं. सहा महिने पुरायचं ते सहा आठवड्यांत चरात उतरतं आणि तिथून उन्हानं उडून जातं. बाबांचं पाणी फोटोत आलं होतं, विहिरीतून गेलं होतं.

शिवाय उपसलेला मुरूम काठावर भिंतीसारखा रचलेला. त्यामुळे रानातलं पाणी ओढ्यात उतरेना, दोघांची शेतं चिबडली. पुढच्या पावसात तोच मुरूम ढासळून चरात. मग गाळ काढण्याचं नवीन अंदाजपत्रक! मी एका कचेरीत जाऊन विचारलं, "साहेब, खोदण्याआधी ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहायचा, याची नोंद असेल ना?" साहेबांनी फाइल चाळली, अगदी मनापासून चाळली, आणि म्हणाले, "तसा रकाना नाही."

गाळानं भरलेला बंधारा साफ करायला माझी ना नाही. जिवंत ओढ्याचा कालवा करायला आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' आणि मूळ विषय तर आत्ता सुरू होतोय. पळवतो.

ओढा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. डिसेंबरात पिठाची चाळणी घेऊन वाहत्या पाण्यात उतरा, एक गोटा उलटा करा. खाली चपटे, तीन शेपट्यांचे किडे चिकटलेले दिसले तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. चिखलात नुसत्या लालबुंद अळ्या वळवळत असतील तर समजा, वरून शेणखड्डा किंवा सांडपाणी येतंय. युरियाचं पाणी मात्र दिसत नाही, त्यासाठी नायट्रेट तपासायलाच हवं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंतच चालतं.

काम माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरावर समतल चर, मग बांधबंदिस्ती, ओढा सगळ्यात शेवटी. काठावर नांगर न घालता गवत-झाडांचा पट्टा सोडायचा. जाड ढग दिसत असताना युरिया फेकायचा नाही. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढघालीच्या फळ्या, पाऊस ओसरताच बसवायचे. आमच्याकडे ते ग्रामपंचायतीमागे गंजत पडतात आणि निम्म्यांचं रबर गायब असतं.

आणि अडलेलं पाणी वाटायचं कसं, हे न ठरवता काहीही करू नका. नाहीतर पाचजण मोटारी लावतात आणि ओढा दसऱ्यालाच आटतो. पुरंदरातच नायगावला 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून हे करून दाखवलं: पाणी माणसांच्या हिशेबानं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही. हा शेवटचा नियम खरं तर तासाभराचा विषय आहे, पण अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत.

प्रश्न खाली चहाच्या वेळी विचारा. उसावरचे चहा संपल्यावर. चहात साखर आहे.